विश्रांती आणि डच्चू

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. दुपारी साडेतीनला आमच्या ऑफिसात एक मीटिंग होती. ती कुणी रद्द केली नाही, पण झालीही नाही. ओव्हलवर इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या आणि भारताला चार बळी. तासाभरातच मोहम्मद सिराजनं गस अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडवला, भारत सहा धावांनी जिंकला आणि मालिका २-२ अशी सुटली.

आरडाओरडा ओसरल्यावर चहाच्या टेबलावर वाद पेटला. जसप्रीत बुमराह या सामन्यात नव्हता. तो पाचपैकी तीनच कसोट्या खेळणार हे दौऱ्याआधीच जाहीर झालं होतं. एक जण म्हणाला, "देशासाठी खेळताना विश्रांती कसली?" दुसरा म्हणाला, "पाठ त्याची आहे, तुझी नाही." तिसऱ्यानं आठवण करून दिली की बुमराह नसलेल्या दोन्ही कसोट्या भारतानं जिंकल्यात, एजबॅस्टनची तर ३३६ धावांनी. चौथा मी. मी काहीच बोललो नाही, पण घरी जाताना डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला: खेळाडूला 'विश्रांती' देण्याची ही पद्धत आली कुठून?

मराठी क्रीडापानांवर संघनिवडीच्या बातमीत दोन शब्द हमखास असतात, 'विश्रांती' आणि 'डच्चू'. अमक्याला विश्रांती, तमक्याला डच्चू. दोघंही त्या सामन्यात खेळणार नसतात. तरी पहिल्या शब्दात मान आहे आणि दुसऱ्यात अपमान. कुणाच्या वाट्याला कोणता शब्द येतो, हे फक्त थकव्यावर ठरत नाही, असं जुने धावफलक चाळताना माझ्या लक्षात येत गेलं.

आपली समजूत अशी असते की हे सगळं आयपीएलनंतरचं खूळ आहे. तसं नाही. १० जानेवारी १९३० रोजी इंग्लंडचा संघ न्यूझीलंडविरुद्ध क्राइस्टचर्चला कसोटी खेळायला उतरला. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडचाच आणखी एक संघ वेस्ट इंडीजविरुद्ध ब्रिजटाउनला उतरला. एकाच वेळी दोन खंडांत दोन अधिकृत संघ! हॉब्ज, सटक्लिफ, हॅमंड, लारवूड यांपैकी कुणीही या दोन्हींत नव्हतं. न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीज तेव्हा कसोटीतले नवखे देश होते. त्यांच्याशी खेळायला पहिली फळी कशाला?

भारताशी खेळतानाही इंग्लंडनं अनेक वर्षं हाच हिशेब ठेवला. १९५१-५२मध्ये एमसीसीचा संघ भारतात आला तेव्हा लेन हटन, डेनिस कॉम्प्टन, अ‍ॅलेक बेडसर, गॉडफ्री इव्हान्स ही मंडळी आलीच नाहीत. कर्णधार होता लँकशायरचा नायजेल हॉवर्ड. त्यानं त्यापूर्वी एकही कसोटी खेळली नव्हती आणि त्या दौऱ्यानंतरही खेळला नाही. न येण्यामागची व्यावहारिक कारणं खरी होती. इंग्लिश व्यावसायिक खेळाडू उन्हाळाभर आठवड्याचे सहा दिवस काउंटी क्रिकेट खेळायचे, आदल्याच हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाचा दौरा झाला होता आणि भारताचा दौरा म्हणजे बोटीचा प्रवास धरून पाच-सहा महिने. माणसं दमलेली होती यात शंका नाही. पण दमलेली माणसं ऑस्ट्रेलियाला नाही म्हणत नसत, भारताला म्हणत.

त्या मालिकेतली शेवटची कसोटी फेब्रुवारी १९५२मध्ये मद्रासला झाली. आजारी हॉवर्डच्या जागी डोनाल्ड कार कर्णधार होता. पहिल्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची बातमी आली आणि दुसरा दिवस सुट्टीचा ठरला. विनू मांकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत आठ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत चार बळी घेतले. पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतकं ठोकली. भारत एक डाव आणि आठ धावांनी जिंकला. सांगलीत जन्मलेले विजय हजारे कर्णधार होते. १९३२पासून वीस वर्षं वाट पाहिल्यावर, पंचविसाव्या कसोटीत मिळालेला हा भारताचा पहिला विजय.

म्हणजे आपला पहिला कसोटी विजय 'विश्रांती' घेतलेल्या इंग्लंडविरुद्धचा आहे. तो कमी अस्सल आहे असं मला म्हणायचं नाही. त्या संघात टॉम ग्रेव्हनी होता, ब्रायन स्टॅथम त्या दौऱ्यावर होता, आणि आठ बळी कुणी फुकट देत नाही. पण त्याच उन्हाळ्यात हजारेंचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा समोर हटन, कॉम्प्टन, बेडसर आणि फ्रेड ट्रूमन नावाचा एक नवा पोरगा होता. हेडिंग्लेला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्यावर चार गडी अशी नोंद झाली. मँचेस्टरला भारत एकाच दिवसात ५८ आणि ८२वर दोनदा बाद झाला. मालिका ०-३.

या दौऱ्यातली लॉर्ड्सची कसोटी मला या विषयासाठी जास्त महत्त्वाची वाटते. मांकड त्या वर्षी लँकशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबशी करारबद्ध होते. दौऱ्यासाठी नक्की निवड होईल का, एवढीच हमी त्यांना भारतीय मंडळाकडून हवी होती. ती मिळाली नाही, म्हणून त्यांनी क्लबचा करार घेतला. हेडिंग्लेला धूळधाण उडाल्यावर मंडळानं क्लबकडे विनवणी करून त्यांना मागून आणलं. मग मांकडांनी लॉर्ड्सवर काय केलं? सलामीला येऊन ७२ धावा. पहिल्या डावात ७३ षटकं टाकून पाच बळी. पुन्हा सलामीला येऊन १८४. त्यानंतर आणखी २४ षटकं. एका कसोटीत ९७ षटकं आणि २५६ धावा! तरी भारत आठ गडी राखून हरला.

लहानपणापासून ही कथा मी पराक्रम म्हणून ऐकत आलो. पराक्रम तो आहेच. पण आज ती वाचताना मला त्यात एक गरीब संघही दिसतो, ज्याच्याकडे दुसरा मांकड नाही. ज्या मंडळानं त्यांना साधी हमी दिली नाही, त्याच मंडळासाठी ते ९७ षटकं टाकत होते. विश्रांती देण्यासाठी जागेवर उभा करायला कुणीतरी लागतो. आपल्याकडे तो नव्हता. १९६१-६२मध्ये ट्रूमन, स्टॅथम, काउड्रीविना आलेल्या इंग्लंडला नरी कॉन्ट्रॅक्टरच्या संघानं २-० असं हरवलं, आणि महिनाभरात तोच संघ वेस्ट इंडीजमध्ये हॉल आणि ग्रिफिथसमोर उभा होता. ०-५. कर्णधाराच्या डोक्यावर चेंडू आदळून त्याची कसोटी कारकीर्द संपली, ती याच दौऱ्यात. १९७२-७३ला टोनी लुईस आला, इलिंगवर्थ, बॉयकॉट आणि स्नो आले नाहीत. अजित वाडेकरांच्या संघानं ती मालिका २-१ अशी जिंकली.

या टंचाईतून एक मूल्यव्यवस्था तयार झाली: न थांबता खेळणारा तो थोर. सुनील गावसकर १९७५ ते १९८७ या काळात सलग १०६ कसोट्या खेळले. कपिल देव १३१ कसोट्या खेळला आणि पूर्ण कारकिर्दीत एकच कसोटी चुकला. वेगवान गोलंदाजासाठी हे जवळपास अशक्य आहे. आणि गंमत अशी की या दोन्ही विक्रमांतली खंडं एकाच सामन्याशी जोडलेली आहेत.

डिसेंबर १९८४मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध भारत हरला. कपिल आणि संदीप पाटील यांनी बेजबाबदार फटके मारून बळी दिले, असा ठपका ठेवून दोघांनाही कलकत्त्याच्या पुढच्या कसोटीतून वगळण्यात आलं. शुद्ध डच्चू. ईडन गार्डन्सचं पब्लिक खवळलं, कर्णधार गावसकरांवर फळं फेकली गेली, आणि गावसकरांनी पुन्हा या मैदानावर न खेळण्याचं ठरवलं. फेब्रुवारी १९८७मध्ये पाकिस्तानविरुद्धची कसोटी तिथं आली तेव्हा ते खरोखरच खेळले नाहीत आणि १०६वर त्यांची साखळी तुटली. कपिल एका सामन्यानंतर परतला आणि पुढच्या ६५ कसोट्या सलग खेळला. पाटील मात्र पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. त्या कलकत्ता कसोटीत मोहम्मद अझरुद्दीन नावाच्या पोरानं पदार्पणातच ११० धावा केल्या. एकाच ठपक्याच्या दोन शिक्षा झाल्या. कपिलची ती सक्तीची विश्रांती ठरली, पाटलांचा डच्चू कायमचा झाला.

कपिलच्या अखंडपणाची दुसरी बाजूही आहे. शेवटच्या वर्षांत त्याचा वेग उतरला होता, पण रिचर्ड हॅडलीचा ४३१ बळींचा विक्रम समोर होता. तो फेब्रुवारी १९९४मध्ये अहमदाबादला मोडला. त्या काळात देशातल्या खेळपट्ट्यांवर तीन फिरकीपटू आणि दोनच मध्यमगती गोलंदाज खेळत. जवागल श्रीनाथनं १९९१मध्ये ऑस्ट्रेलियात पदार्पण केलं होतं, पण मायदेशातल्या पहिल्या कसोटीसाठी त्याला कपिल निवृत्त झाल्यावर, नोव्हेंबर १९९४पर्यंत थांबावं लागलं. वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यातली तीन वर्षं! म्हणजे कुणी विश्रांती घेतली की दुसऱ्यावर भार पडतो हे खरं, पण कुणीच घेत नसेल तर दुसऱ्याला भार उचलायलाच मिळत नाही हेही तितकंच खरं.

अखंड खेळण्यामागे निष्ठेइतकाच पैसाही होता. सामना खेळलात तर मानधन, नाही खेळलात तर काही नाही. अशा व्यवस्थेत पाठ दुखते हे कोण सांगेल? म्हणून मला वाटतं, आजच्या अर्थानं विश्रांती शक्य झाली ती वार्षिक करारांमुळे. इंग्लंडनं २०००मध्ये खेळाडूंशी केंद्रीय करार सुरू केले आणि काही वर्षांत भारतीय मंडळानंही. न खेळताही पगार सुरू राहतो म्हटल्यावर थकव्याबद्दल बोलता येऊ लागलं. पण त्याबरोबर मालकही बदलला. पगार देणारा ठरवू लागला की तू केव्हा थकला आहेस.

ऑस्ट्रेलियानं हा प्रयोग सर्वांत पद्धतशीर केला. १९९७मध्ये त्यांनी कसोटी आणि एकदिवसीय संघ वेगळे केले. कसोटी कर्णधार मार्क टेलर आणि यष्टिरक्षक इयान हीली एकदिवसीय संघाबाहेर गेले. पुढं स्टीव्ह वॉ आणि प्रशिक्षक जॉन बुकानन यांच्या काळात एकदिवसीय सामन्यांत आळीपाळीनं खेळाडू बसवायला सुरुवात झाली. जिंकत होते तोवर सगळे कौतुक करत होते. २००१-०२च्या तिरंगी मालिकेत ऑस्ट्रेलिया मायदेशातच अंतिम फेरीला मुकली, आणि फेब्रुवारी २००२मध्ये वॉ बंधूंनाच एकदिवसीय संघातून डच्चू मिळाला.

दहा वर्षांनी हाच प्रश्न शरीराच्या बाजूनं आला. नोव्हेंबर २०१२, अ‍ॅडलेड. जेम्स पॅटिन्सन सामन्याच्या मध्येच जायबंदी झाला आणि पीटर सिडलला साठाहून जास्त षटकं टाकावी लागली. दक्षिण आफ्रिकेचे शेवटचे दोन गडी काही बाद झाले नाहीत. पर्थची निर्णायक कसोटी मध्ये तीन दिवस सोडून होती. सिडल आणि हिल्फेनहाउस यांना बसवलं गेलं, ऑस्ट्रेलिया ३०९ धावांनी हरली आणि मालिकाही गेली. सिडल खेळला असता तर? कदाचित त्याची पाठ मोडली असती. कदाचित नसती. नेमून दिलेल्या विश्रांतीची हीच पंचाईत आहे: न झालेली दुखापत मोजता येत नाही, हरलेला सामना मात्र मोजता येतो. त्या पर्थ कसोटीत जॉन हेस्टिंग्जला संधी मिळाली. ती त्याची पहिली आणि शेवटची कसोटी ठरली.

पुढच्याच महिन्यात मिचेल स्टार्कनं होबार्टला एका डावात पाच बळी घेतले आणि त्याला मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत बसवण्यात आलं. लोक चिडले. मंडळाला 'रोटेशन' हा शब्द आवडत नव्हता, त्यांनी 'माहितीवर आधारित खेळाडू-व्यवस्थापन' अशा धाटणीचा शब्दप्रयोग रूढ करू पाहिला. आमच्या क्षेत्रात असे शब्द रोज जन्माला येतात, त्यामुळे मला तो ओळखीचा वाटला. निर्णय माणसानं घेतलेला असतो, पण शब्द असा निवडायचा की तो आकडेवारीनं घेतला असं वाटावं.

आपल्याकडे या शब्दखेळाचा सर्वांत अवघड प्रसंग त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या तिरंगी मालिकेत आला. सचिन, सेहवाग आणि गंभीर यांच्यापैकी एकाला आळीपाळीनं बाहेर बसवलं जात होतं. सचिन तेव्हा ९९ आंतरराष्ट्रीय शतकांवर अडकलेला. धोनीनं कारण दिलं की तिघं एकत्र खेळले तर क्षेत्ररक्षण मंदावतं. सेहवागनं पत्रकार परिषदेत सांगितलं की आम्हाला तर तरुणांना संधी देण्यासाठी म्हणून सांगितलं होतं. ही विश्रांती होती, डच्चू होता की वयाबद्दलचं एक वाक्य, जे कुणालाच तोंडावर बोलायचं नव्हतं? भारत अंतिम फेरीत पोचला नाही. सचिनचं शंभरावं शतक महिनाभरानं मीरपूरला आलं आणि तो सामनाही भारत हरला.

विश्रांती न देण्याची किंमत आपण आदल्या वर्षी मोजली होती. २०११चा विश्वचषक २ एप्रिलला संपला, सहा दिवसांनी आयपीएल सुरू झालं. श्रीरामपूरच्या झहीर खाननं विश्वचषकात २१ बळी घेतले होते, मग तो आयपीएल खेळला. जुलैत लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी १३.३ षटकं टाकून तो मांडीचा मागचा स्नायू धरून बाहेर गेला. मालिका भारतानं ०-४ अशी गमावली. एका स्पर्धेनं त्याला संपवलं असं म्हणणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. पण वेळापत्रकात मोकळी जागा नव्हती हे उघड होतं.

आणि मग २०२१. इंग्लंड भारतात आलं. करोनाच्या बंदिस्त 'बबल'मध्ये महिनोन्‌महिने राहणं माणसाला पोखरतं, हे यावेळी उघड मान्य केलं गेलं. २००६च्या भारत दौऱ्यातून मार्कस ट्रेस्कॉथिक परतला होता तेव्हा सुरुवातीला वेगळीच कारणं सांगितली गेली होती. नैराश्याची हकीकत त्यानं २००८च्या आत्मचरित्रात लिहिली. त्या मानानं ही मोठी प्रगती होती. चेन्नईची पहिली कसोटी इंग्लंडनं २२७ धावांनी जिंकली. मग ठरल्याप्रमाणे जॉस बटलर घरी गेला, जेम्स अँडरसन पुढच्या कसोटीत बसला, आठ बळी घेणारा मोईन अली दुसऱ्या कसोटीनंतर घरी गेला. इंग्लंड उरलेल्या तिन्ही कसोट्या हरलं.

गंमत पुढं आहे. एप्रिलमध्ये हेच बटलर आणि मोईन आयपीएलसाठी पुन्हा भारतात होते. जूनमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मायदेशातल्या कसोट्यांत मात्र आयपीएलहून परतलेल्यांना विश्रांती मिळाली. १९५२मध्ये भारत महत्त्वाचा नव्हता म्हणून इंग्लंडचे मोठे खेळाडू भारतात आले नाहीत. २०२१मध्ये भारत इतका महत्त्वाचा झाला होता की इंग्लंडच्या कसोट्या त्याभोवती मांडल्या गेल्या. कुठं विश्रांती घ्यायची हे सत्तर वर्षांपूर्वीही बाजारभावावर ठरत होतं. भाव तेवढा बदलला.

म्हणून बुमराहवरच्या वादात मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. ओव्हलनंतर गावसकरांनी 'वर्कलोड' हा शब्दच भारतीय क्रिकेटमधून हद्दपार व्हावा, अशा अर्थाचं मत मांडलं. १०६ सलग कसोट्या खेळलेल्या माणसाला तसं म्हणायचा हक्क आहे. पण सलामीवीराचं शरीर आणि वेगवान गोलंदाजाचं शरीर वेगळं असतं. बुमराहनं २०२४-२५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात १५१.२ षटकं टाकून ३२ बळी घेतले आणि सिडनीत दुसऱ्या दिवशी पाठीमुळे मैदान सोडलं. शेवटच्या डावात तो चेंडू टाकू शकला नाही. त्याआधी २०२३मध्ये त्याच पाठीवर शस्त्रक्रिया झालेली. त्याला राखून वापरणं हे शहाणपणच आहे.

माझा प्रश्न सिराजबद्दल आहे. तो पाचही कसोट्या खेळला. १८५.३ षटकं, म्हणजे १,११३ चेंडू. २३ बळी. त्याच्या वाट्याला विश्रांती आली नाही, कारण तो मोडत नाही. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला तर उठण्याची पाळी वाटून दिलेली असते. कागदावर सगळ्यांना समान. पण प्रत्येक टीममध्ये एक असा असतो, जो कधी नाही म्हणत नाही, आणि मग सगळ्यांच्या अडचणीच्या रात्री त्याच्याकडे सरकतात. दोन वर्षं तो मी होतो. कुणी माझ्यावर अन्याय करायचा ठरवलं नव्हतं. सगळे माझं कौतुकच करत होते.

विश्रांती दिल्यानं षटकं कमी होत नाहीत, ती दुसऱ्याच्या खात्यात जातात. मद्रासला हटनची जागा भरायला आलेल्यांची, पर्थच्या हेस्टिंग्जची, एजबॅस्टनला बुमराहच्या जागी येऊन दहा बळी घेणाऱ्या आकाश दीपची, अशी ही खाती आहेत. कुणाचं नशीब त्यातून उघडतं, कुणाची पाठ जाते. पुढच्या वेळी 'अमक्याला विश्रांती' अशी बातमी वाचली की मी तिच्याखाली दुसरं नाव शोधणार आहे: त्याची षटकं कोण टाकणार आहे, आणि त्याला कुणी विचारलंय का?